विज्ञान ग्रंथपालांच्या संघटनेत येऊ पाहणाऱ्यास पत्र

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. विज्ञान ग्रंथपालांच्या संघटनेचे सभासदत्व घ्यावे की नाही, आणि घेतले तर तिथे जाऊन नेमके करायचे काय, असे तुम्ही विचारले आहे. सोबत संघटनेचा गेल्या वर्षाचा अहवाल आणि येत्या दोन वर्षांच्या कामाचा मसुदा पाठवत आहे. दोन्ही वाचताना डोळे मिटू लागले तर तो दोष तुमचा नाही, कारण अहवाल लिहिणाऱ्यांत मीही होते आणि अहवालाची भाषा कशी कोरडी होत जाते हे मी जवळून पाहिले आहे. 'कार्यगटाच्या चार बैठका झाल्या' या एका वाक्यामागे किती वाद आणि किती कबुलीजबाब दडलेले असतात, ते अहवालात येत नाही. या पत्रात तेवढेच सांगायचे आहे.

आपल्या व्यवसायातली मूळ अडचण एकटेपणाची आहे. सार्वजनिक ग्रंथालयात चार-पाच सहकारी एकच काम करत असतात, तर विज्ञानसंस्थेच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राचे डेटाबेस हाताळणारी व्यक्ती बहुधा एकच असते, आणि तिने केलेली चूक शेजारच्या टेबलावरून कोणी दाखवून देत नाही, कारण शेजारी टेबलच नसते. या अडचणीतूनच अशा संघटना उभ्या राहिल्या. वैद्यकीय ग्रंथपालांची अमेरिकेतली संघटना १८९८ सालची आहे. विशेष ग्रंथालयांची संघटना तिथेच १९०९ मध्ये जॉन कॉटन डेना यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९२७ चा, तर तंत्रविज्ञान विद्यापीठांच्या ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५५ ची. यांतल्या प्रत्येकीचे स्वरूप वेगळे असले तरी सुरुवात सारखीच आहे: वेगवेगळ्या ठिकाणी एकेकट्याने काम करणाऱ्या माणसांना आपले प्रश्न एकच आहेत, असे उशिरा का होईना लक्षात आले.

आता अहवाल उघडा आणि पहिली चार पाने सरळ उलटा. उद्घाटने, स्वागते आणि आभार यांची ती पाने आहेत. काम सुरू होते ते कार्यगटांपासून, आणि त्यांतही सर्वांत कमी शब्दांत ज्याचा उल्लेख आला आहे तो परवाना-करारांचा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याची जन्मकथा सांगते, कारण तिच्यात माझी स्वतःची नाचक्की आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, निधी कमी झाला म्हणून, मी एका प्रकाशकाच्या नियतकालिकांच्या संचाची वर्गणी बंद केली. यापुढचे अंक मिळणार नाहीत, पण ज्या वर्षांचे पैसे आपण भरले आहेत ते अंक तर आपलेच, अशी माझी समजूत होती. छापील अंकांच्या काळात ती बरोबरही होती. कपाटातले खंड उचलून न्यायला प्रकाशक काही येत नसे. वर्गणीची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका संशोधकाने दूरध्वनी करून विचारले की सात वर्षांपूर्वीचा एक शोधनिबंध उघडत का नाही. मी करार काढून वाचला. त्यात आपण 'प्रवेश' विकत घेतला होता, अंक नव्हेत, आणि मुदतीनंतरच्या प्रवेशाबद्दल एक अक्षर नव्हते. सही माझ्या शिफारशीवरून झाली होती. त्याच वर्षीच्या अधिवेशनात, चहाच्या रांगेत, मला कळले की आणखी दोन ग्रंथपाल याच खड्ड्यात माझ्याआधी पडले होते. दोघांनीही लाजेपोटी कोणाला सांगितले नव्हते. आम्ही तिघांनी मिळून कार्यकारिणीला एक पानाचे पत्र दिले, आणि त्यातून हा गट सुरू झाला.

गटाचे काम रटाळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. वेगवेगळ्या करारांतली कलमे शेजारी शेजारी मांडून त्यांची शब्दरचना तपासायची. वर्गणी संपल्यानंतर आधीच्या वर्षांचे अंक मिळत राहतील का, आंतरग्रंथालयीन देवघेवीत निबंध पाठवता येईल का, संस्थेबाहेरून प्रत्यक्ष येणाऱ्या वाचकाला संगणकावर बसू देता येईल का, मजकुराचे यांत्रिक विश्लेषण करण्यास परवानगी आहे का, आणि अलीकडे त्यात भर पडलेला प्रश्न म्हणजे, संशोधकाने निबंधाची फाइल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकली तर तो करारभंग ठरतो का. किमतींची तुलना मात्र गटात केली जात नाही. अनेक करारांत गोपनीयतेचे कलम असते आणि स्पर्धाविषयक कायद्याच्या दृष्टीनेही संघटनेने किमतींबाबत एकत्रित धोरण ठरवणे अडचणीचे ठरू शकते. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच अध्यक्ष हे वाचून दाखवतात आणि ते इतिवृत्तात नोंदले जाते. नव्या सभासदांना हा उपचार वाटतो. तो उपचार नाही.

याच गटाच्या जोडीने वापराच्या आकड्यांचा अभ्यास चालतो. प्रकाशकांनी वापर कसा मोजावा याचा 'काउंटर' नावाचा आचारनियम आहे. त्याची पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून आणि ५.१ ही आवृत्ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली. त्यातला एक फरक नीट समजून घ्या. एखाद्या वाचकाने निबंध आधी पडद्यावर उघडला आणि लगेच त्याची पीडीएफ उतरवून घेतली, तर एकूण मागण्यांच्या रकान्यात दोन नोंदी होतात आणि एकमेव मागण्यांच्या रकान्यात एकच. ज्या प्रकाशकाचे संकेतस्थळ वाचकाला आधी पडद्यावरच्या पानावर नेते त्याचा वापर पहिल्या रकान्यात फुगलेला दिसतो. दरवेळी मागण्यांनी वर्गणीला भागून 'प्रतिवापर खर्च' काढणारा ग्रंथपाल कोणता रकाना घेतो यावर एखाद्या नियतकालिकाचे मरण अवलंबून असू शकते.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर ब्रॅडफर्ड यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या या गृहस्थांनी १९३४ मध्ये उपयोजित भूभौतिकीवरचे १,३३२ लेख कोणकोणत्या नियतकालिकांत विखुरले आहेत ते मोजले. अवघ्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते. पुढच्या ५९ मध्ये ४९९. आणि उरलेल्या ४०४ लेखांसाठी तब्बल २५८ नियतकालिके धुंडाळावी लागत होती. म्हणजे पहिला तिसरा हिस्सा हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतक्या ठिकाणी, आणि शेवटचा तिसरा हिस्सा रानोमाळ. सगळी नियतकालिके एकगठ्ठा विकणारा प्रकाशक तुम्हाला या शेवटच्या हिश्शाची भीती घालतो. उलट काटकसर सुचवणारा लेखापाल पहिल्या हिश्शाकडे बोट दाखवून बाकी सगळे बंद करा म्हणतो. दोघेही अर्धेच सांगतात. माझ्याकडे वनस्पतींच्या वर्गीकरणावर काम करणारे एक संशोधक वर्षातून दोनदाच एक नियतकालिक मागत, पण त्या दोन वेळी त्यांना दुसरे काहीही चालत नसे. अशा वाचकासाठी देवघेवीची व्यवस्था तत्पर ठेवणे हा मार्ग आहे, आणि ती तत्परता तुमच्या एकट्याच्या हातात नसते. दुसऱ्या टोकाला तुमचे पत्र ओळखणारा कोणीतरी असावा लागतो. तो ओळखीचा माणूस तुम्हाला संघटनेत भेटतो.

दुसरा गट साहित्यशोधाचा. याच गटात तुम्ही यावे, अशी माझी इच्छा आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

पद्धतशीर आढावा घेणाऱ्या संशोधकाला आधी झालेले सर्व काम शोधून हवे असते, आणि 'सर्व' या शब्दाला तिथे फार अर्थ असतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी गंधकाच्या संयुगांवर एक शोध करून दिला होता. इंग्रजीत सल्फर हा शब्द 'एफ' वापरून लिहितात तसा 'पीएच' वापरूनही लिहितात. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९० मध्ये 'एफ'चे रूप स्वीकारले, पण त्याआधी प्रसिद्ध झालेले, विशेषतः ब्रिटिश, साहित्य आपोआप बदललेले नाही. मी एकच रूप घालून शोध केला. दशकांचे साहित्य सुटले आणि ते सुटल्याचे मला कळलेसुद्धा नाही, कारण उत्तर म्हणून जे निबंध आले त्यांची यादीच इतकी मोठी होती की काही राहिले असेल अशी शंका आली नाही. परीक्षकाने दाखवून दिले तेव्हा संशोधकाची मान खाली गेली आणि माझी त्याहून. मोठी यादी ही शोध पूर्ण झाल्याची खूण नसते, एवढे त्या दिवशी शिकले.

रसायनांच्या बाबतीत या घोळावर एक उतारा आहे, तो तुम्हाला ठाऊक असेलच. रसायनशास्त्रातल्या साहित्याची सूची करणाऱ्या केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सेवेने १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला नोंदणीक्रमांक द्यायला सुरुवात केली. ॲस्पिरिन म्हणा, ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल म्हणा किंवा एखाद्या औषधकंपनीने दिलेले नाव घ्या, क्रमांक एकच: ५०-७८-२. त्यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीच्या आकड्यांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४ यांनी गुणून बेरीज करा. ८, १४, ० आणि २० मिळून ४२ होतात आणि त्यातला एकक म्हणजे २. संशोधकाने कागदाच्या कपट्यावर लिहून आणलेला क्रमांक चुकलेला आहे हे त्याच्यासमोरच, कागदावर चार आकडे मांडून सांगता येते. ग्रंथपालाबद्दलचा त्याचा आदर त्या क्षणी कसा वाढतो ते एकदा अनुभवाच. पण हा उतारा सगळीकडे चालत नाही; परिसंस्था, सवयी, शिकवण्याच्या पद्धती यांना नोंदणीक्रमांक नसतात, आणि तिथे शब्दांचाच आधार असतो.

म्हणून आमच्या गटात एकाने रचलेला शोध दुसऱ्याने तपासायची प्रथा आहे. ही प्रथा आमची नव्हे. शोधव्यूहाच्या समपरीक्षणाची 'प्रेस' नावाची मार्गदर्शिका उपलब्ध आहे आणि तिच्या २०१५ च्या आवृत्तीत तपासण्याच्या सहा बाबी दिलेल्या आहेत: प्रश्नाचे शोधात केलेले रूपांतर, 'आणि', 'किंवा' अशा जोडशब्दांचा वापर, विषयशीर्षके, मुक्त शब्द व त्यांची वेगवेगळी रूपे, शब्दलेखन व रचना, आणि लावलेल्या मर्यादा. माझा गंधकाचा शोध कोणी चौथ्या बाबीवरून नजर फिरवून पाहिला असता तर पाच मिनिटांत चूक सापडली असती. शोधाची नोंद कशी करावी यासाठी २०२१ मध्ये 'प्रिस्मा-एस' ही १६ मुद्द्यांची यादी आली. कोणता डेटाबेस, कोणत्या मंचावरून, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी शोधला, हे दुसऱ्याला जसेच्या तसे पुन्हा करता येईल असे लिहिण्याची शिस्त तीत आहे. गेल्या वर्षी गटाने सभासदांचे शोध एकमेकांकडे तपासायला पाठवण्याची सोय केली, आणि तपासणी किती दिवसांत परत करायची याचा नियमही घातला. येत्या दोन वर्षांत याला दोन भर पडणार आहेत. तपासणाऱ्याच्या नावाची संशोधकाने निबंधात नोंद करावी यासाठी एक नमुनापत्र तयार होत आहे. आणि सहा महिन्यांतून एकदा फक्त फसलेल्या शोधांवर चर्चा करणारी बैठक ठेवायची आहे. दुसरी कल्पना माझी आहे, आणि कार्यकारिणीत तिला विरोध झाला होता. चुका अशा उघड मांडल्या तर संस्थेत सभासदांची नोकरी अडचणीत येईल, असे काहींचे म्हणणे होते. ते अगदीच निराधार नाही. त्यामुळे त्या बैठकीचे इतिवृत्त ठेवायचे नाही आणि संस्थांची नावे घ्यायची नाहीत, अशा अटीवर ती मान्य झाली.

मागे घेतलेल्या, म्हणजे सदोष ठरल्याने नियतकालिकाने रद्द केलेल्या, शोधनिबंधांचा गट लहान आहे, पण त्याचे काम वाढते आहे. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा १९९८ चा निबंध 'द लॅन्सेट'ने मागे घेतला तो थेट २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत त्याने केलेले नुकसान सर्वांना माहीत आहे. २०२३ या एका वर्षात जगभर दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले. निबंध मागे घेतल्याची खूण मूळ पानावर असते, पण ती संशोधकाच्या संगणकात साठवलेल्या पीडीएफवर उमटत नाही, आपल्या ग्रंथालयाने तयार केलेल्या वाचनसूचीवरही नाही. अशा निबंधांवर नजर ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'ने जमवलेली नोंदसूची, प्रकाशनांच्या नोंदी सांभाळणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने २०२३ मध्ये घेऊन सर्वांना खुली केली, त्यामुळे आता तपासणी सोपी झाली आहे. गटातले सभासद आपापल्या संस्थेच्या वाचनसूच्या आणि संस्थेचे निबंध साठवणारे भांडार वर्षातून दोनदा या नोंदींशी ताडून पाहतात. पुढच्या वर्षी हे काम आपोआप करणारी एक छोटी आज्ञावली गटातले दोन तरुण सभासद लिहिणार आहेत. तुम्हाला संगणकाची आज्ञावली लिहिता येत असेल तर ते तुमची वाट पाहत आहेत. मला ती येत नाही, आणि या वयात शिकण्याचे मी टाळते आहे.

संशोधन-डेटाच्या प्रशिक्षणाबद्दल अहवालात दोन पाने आहेत आणि ती चांगली लिहिली आहेत, म्हणून एवढेच जोडते की तिथे तत्त्वांपेक्षा उदाहरणांनी लोक शिकतात. डेटा शोधता यावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा ही 'फेअर' तत्त्वे २०१६ मध्ये मांडली गेली. ती फळ्यावर लिहिली की संशोधक माना डोलावतात आणि विसरतात. त्याऐवजी एक्सेलची गोष्ट सांगा. जनुकांची 'मार्च१', 'सेप्ट२' अशी नावे एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या समितीनेच हार मानली आणि २०२० च्या सुमारास त्या जनुकांची नावे बदलली. ही गोष्ट ऐकली की खोलीतला प्रत्येकजण आपली फाइल उघडून पाहतो, आणि मग तुम्ही काय सांगाल ते ऐकतो.

अधिवेशनाविषयी तुम्ही मुद्दाम विचारले आहे. पहिल्या वर्षी भाषण देण्याची घाई करू नका. व्यासपीठावरची बरीचशी भाषणे यशोगाथा असतात आणि यशोगाथांत तपशील गाळलेले असतात. त्याऐवजी पोस्टर करा, आणि शक्य असेल तर न जमलेल्या कामाचे करा. अशा पोस्टरसमोर लोक जास्त वेळ थांबतात, असा माझा अनुभव आहे. प्रकाशकांच्या दालनात शेवटच्या दिवशी जा. पहिल्या दिवशी ते माहितीपत्रके देतात, शेवटच्या दिवशी दमलेले असतात आणि प्रश्नांची सरळ उत्तरे देतात. वार्षिक सर्वसाधारण सभेला मात्र चुकू नका. तिथे गर्दी नसते, हिशेब वाचले जातात, कोणीतरी नियमावलीतल्या एका शब्दावर अर्धा तास घालवतो, आणि त्या अर्ध्या तासात संघटनेत खरोखर कोण काम करते ते तुम्हाला कळते.

आता मसुद्याकडे वळू. त्यातल्या दोन योजना नव्या आहेत.

पहिली जतनाची. इंटरनेटवर आहे म्हणजे कायम आहे, असा समज संशोधकांतही पक्का आहे. २००० ते २०१९ या काळात पावणेदोनशेच्या आसपास मुक्त प्रवेशाची नियतकालिके इंटरनेटवरून पूर्णपणे नाहीशी झाल्याचे एका अभ्यासात दिसून आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, डीओआय, म्हणजे प्रकाशनाचा कायमचा ओळखक्रमांक, असलेल्या सत्तर लाखांहून अधिक प्रकाशनांपैकी सुमारे २८ टक्के प्रकाशने मोठ्या जतनसंग्रहांपैकी एकातही सापडली नाहीत. मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके बहुधा सुरक्षित असतात. धोका आहे तो विद्यापीठाच्या एखाद्या विभागाने, एका उत्साही प्राध्यापकाच्या बळावर चालवलेल्या नियतकालिकांना. प्राध्यापक निवृत्त होतात, सर्व्हरचे शुल्क भरायचे राहते आणि वीस वर्षांचे अंक एका रात्रीत जातात. संघटनेची योजना अशी आहे की प्रत्येक सभासदाने आपल्या संस्थेच्या आणि विषयाच्या परिघातली लहान नियतकालिके निवडावीत, ती कोणत्या जतनसंग्रहात आहेत हे 'कीपर्स रजिस्ट्री' या जतनाच्या नोंदसूचीत तपासावे, आणि जी कुठेच नाहीत त्यांच्या संपादकांशी बोलावे. तपासणे सोपे आहे, बोलणे अवघड. संपादकाला आपले नियतकालिक मरणार आहे असे सांगितल्यासारखे वाटते. यासाठी पत्राचा एक सौम्य नमुना तयार करायचा आहे, आणि तो लिहिण्याचे काम मसुद्यात अजून कोणाच्याच नावावर नाही.

दुसरी योजना अस्तित्वात नसलेल्या संदर्भांची. संभाषण करणारी संगणकीय साधने आली तसे देवघेव विभागात एक विचित्र काम वाढले. वाचक निबंध मागतो. लेखक खरा असतो, नियतकालिक खरे असते, शीर्षकही अगदी त्या लेखकाला शोभेल असे, पण असा निबंध कोणी कधी लिहिलेलाच नसतो. खंडक्रमांक आणि वर्ष जुळत नाही, सांगितलेल्या पानांवर दुसऱ्याच कोणाचा निबंध असतो, किंवा डीओआय भलत्याच ठिकाणी नेतो. एकेका ग्रंथपालाने यावर तासन् तास घालवायचे आणि शेवटी 'सापडत नाही' असे लाजत लाजत कळवायचे, हे थांबायला हवे. अशा मागण्यांची सामायिक नोंदवही ठेवायची, जेणेकरून एका ठिकाणी बनावट ठरलेला संदर्भ दुसऱ्या ठिकाणी पुन्हा शोधला जाणार नाही, असे ठरते आहे. वाचकाचे नाव नोंदवायचे नाही, हे कलम मी आग्रहाने घालून घेतले. वाचकाने काय मागितले ते आपल्याकडेच राहते, ही आपल्या व्यवसायाची जुनी रीत आहे आणि बनावट निबंध मागणाऱ्यालाही ती लागू आहे.

मसुद्यातले शेवटचे कलम, प्रत्येक वेबिनारनंतर डिजिटल बिल्ला देण्याचे, मला पसंत नाही. मी विरोधात मत दिले आणि हरले. बिल्ले जमवणारे सभासद वेबिनारला येतील, पण कॅमेरा बंद ठेवून दुसरे काम करतील, असे माझे भाकीत आहे. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला ते उपयोगाचे वाटू शकते. वाटले तर माझ्याविरुद्ध खुशाल बोला.

वेळेबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केली आहे, ती योग्य आहे. एकाच गटात या. दोन गटांत नाव देणारे सभासद बहुधा दोन्हीकडे गैरहजर असतात, हे मी बरीच वर्षे पाहते आहे. पहिल्या नेहमीच्या बैठकीत इतिवृत्त लिहिण्याचे काम स्वतःहून मागा. ते कोणालाच नको असते, त्यामुळे लगेच मिळते, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला 'म्हणजे नेमके काय ठरले?' असे विचारण्याचा हक्क आपोआप येतो. ज्येष्ठांच्या बैठकीत नवख्याला असा प्रश्न एरवी विचारता येत नाही. तुमच्या वरिष्ठांना आधी सांगून ठेवा की महिन्यातले काही तास या कामात जातील, आणि त्याच्या बदल्यात तुमचे शोध दुसरा ग्रंथपाल फुकट तपासून देईल. दुसरे वाक्य आधी सांगितले तर पहिल्याला परवानगी लवकर मिळते.

मसुद्यावरच्या हरकती आणि सूचना महिनाअखेरपर्यंत स्वीकारल्या जातील. सभासद नसलेल्यांनीही पाठवल्या तरी चालतात. सभासदत्वाचा अर्ज सोबत जोडला आहे. त्यात 'कोणत्या कार्यगटात रस आहे' या रकान्यात बहुतेक लोक 'सर्व' असे लिहितात आणि मग कोणीही त्यांना बोलावत नाही, तेव्हा तिथे एकच नाव लिहा. साहित्यशोध गटाची पुढची बैठक फसलेल्या शोधांची पहिली बैठक असेल. गंधकाची माझी गोष्ट मी सांगणारच आहे, पण ती जुनी झाली. तुमचा एखादा अलीकडचा शोध फसला असेल तर त्याचे शब्द, डेटाबेस आणि तारखा यांसह मला आधी पाठवा. सुरुवात त्याच्यापासून करू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
साहित्यशोध गटातील एक जुनी सभासद